रंग काय बघतोस, काठ बघ



कंपनीच्या कामासाठी आम्ही दहा महिने डेन्व्हरला होतो, हे या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. तिथल्या बर्फाबद्दल, तिथल्या अंतरांबद्दल आणि पोह्यांवर घालायला आपली इंदुरी शेव न मिळण्याबद्दल माझं इथे पुरेसं रडून झालं आहे. एक गोष्ट मात्र सांगायची राहिली होती. ती सांगायची तर स्वतःची चूक कबूल करावी लागते, म्हणून टाळत होतो. आज सांगून टाकतो.

आमचं भाड्याचं घर शहराच्या पश्चिम टोकाला होतं. रॉकी पर्वताच्या पायथ्याच्या टेकड्या तिथूनच सुरू होतात. घराच्या दाराला बेलबरोबर कॅमेरा होता. दारासमोर काही हललं की फोनवर फोटो यायचा. बहुतेक वेळा कुरिअरवाला, कधी खार, कधी हरीण. ऑगस्टमधल्या एका सकाळी साडेसहाला फोटो आला तो मात्र वेगळाच होता. आपल्या मांजराच्या दुप्पट आकाराचं जनावर पायरी चढत होतं. अंगावर विटकरीकडे झुकणारा तांबूस रंग, त्यावर गडद ठिपके, पाय लांब, आणि शेपूट जेमतेम वीतभर.

इंदूरला व्हिडिओ कॉल लावला. बाबांनी फोटो बघून एका वाक्यात निकाल दिला. "अरे, हा तर बांडा बोका!"

आखूड शेपटीच्या बैलाला बांडा म्हणतात, तसा हा बांडा. गंमत म्हणजे इंग्रजी नावाचा अर्थही तोच आहे. बॉबकॅट म्हणजे शेपूट छाटल्यासारखी दिसणारी मांजर. आमच्या सहा वर्षांच्या कन्येने लगेच त्याचं 'बांडोबा' करून टाकलं, आणि घरात तेच नाव रूढ झालं.

मी पडलो इंजिनियर. एखादी गोष्ट दोनदा घडली की तिची एक्सेल शीट उघडायची, ही आमची जात. तारीख, वेळ, रंग, शेरा असे चार रकाने केले आणि बांडोबाची हजेरी मांडायला लागलो. डिसेंबरअखेर एकोणीस नोंदी झाल्या. त्यातल्या चौदा रात्रीच्या, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशातल्या कृष्णधवल. दिवसाउजेडी मिळालेले रंगीत फोटो फक्त पाच, आणि तेही सगळे ऑगस्ट-सप्टेंबरातले.

मग जानेवारीत, बर्फ पडून गेल्यावर, दुपारी एक फोटो आला. तीच पायरी, पण जनावर निराळं. अंग राखाडी-करडं, केस दाट आणि लांब, गालांवर कल्ल्यांसारखे झुपके, ठिपके जेमतेम दिसतील न दिसतील असे. शरीरही भरलेलं वाटत होतं. मी शीटमध्ये नवीन ओळ घातली, 'मांजर क्रमांक २, करडं'. आणि मोठ्या उत्साहाने शेजाऱ्यांच्या ग्रुपवर दोन्ही फोटो टाकून लिहिलं की आपल्या भागात आता दोन बॉबकॅट आहेत.

इथवर सगळं मजेत चाललं होतं.

दोन घरं सोडून एक निवृत्त गृहस्थ राहायचे. त्यांनी अकरा कोंबड्या पाळल्या होत्या. शरद ऋतूपासून त्यातल्या तीन गेल्या होत्या. बॉबकॅट येतो हे त्यांना माहीत होतं, पण ते म्हणायचे, तो इथला जुना रहिवासी आहे, एखाददुसरी कोंबडी नेली तर नेली. माझा मेसेज वाचल्यावर त्यांचा सूर बदलला. दोन म्हणजे जोडी. बॉबकॅटची जोडी हिवाळ्याच्या अखेरीस जमते आणि वसंतात पिल्लं होतात. म्हणजे उन्हाळ्यापर्यंत चार-पाच तोंडं. ज्यांच्याकडे लहान कुत्रं होतं त्या बाईही घाबरल्या. रात्रीपर्यंत पिंजरा लावणाऱ्या माणसाचा फोन नंबर ग्रुपवर फिरत होता.

मी काही कोणाला पिंजरा लावा म्हटलं नव्हतं. पण 'दोन' हा आकडा माझाच होता.

दुसऱ्या दिवशी आईशी बोलताना मी हे सांगितलं. आईने तीसेक वर्षं घरी साड्यांना फॉल-पिको करून दिलं आहे. दिवाळीच्या हंगामात आमच्या दिवाणखान्यात माणसांपेक्षा साड्या जास्त असायच्या. तिने दोन्ही फोटो पाठवायला सांगितले, चष्मा बदलला आणि फोन डोळ्यांजवळ नेला.

"हे दोन कशावरून?"

"अगं, रंग बघ ना. एक तांबडं, एक करडं."

"रंग काय बघतोस? काठ बघ. साडी डाय करून आणली की अंग बदलतं, काठावरची नक्षी तीच राहते. याच्या पुढच्या पायाला आतून पट्टे आहेत बघ. वरचा पट्टा मधेच तुटलाय. दोन्हीकडे तसाच तुटलाय."

मी लॅपटॉपवर दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. पायरी चढताना जनावराने उजवा पाय उचललेला होता, दोन्ही वेळी. आतल्या बाजूला दोन जाड काळे पट्टे. वरचा मधे तुटलेला, आणि तुटलेल्या जागेखाली एक सुटा ठिपका. ऑगस्टमध्येही, जानेवारीतही.

मांजर क्रमांक दोन अस्तित्वातच नव्हतं. बांडोबाने फक्त कोट बदलला होता.

आमच्या भाषेत सांगायचं तर मी चुकीची प्रायमरी की निवडली होती. डेटाबेसमध्ये माणसाची ओळख म्हणून त्याच्या शर्टाचा रंग ठेवला, तर सोमवारचा माणूस आणि मंगळवारचा माणूस वेगळे होणारच. त्यानंतरचा आठवडा मी या प्राण्याबद्दल वाचण्यात घालवला. त्यातलं जे पटलं आणि आवडलं, ते तुमच्यासाठी.

ऋतूचा कोट

बॉबकॅट वर्षातून दोनदा केस बदलतो. वसंतात हिवाळी कोट झडून उन्हाळी येतो, शरदात उलट. उन्हाळी कोट आखूड, विरळ आणि तांबूस. ठिपके स्पष्ट दिसतात. हिवाळी कोट लांब, दाट आणि करडेपणाकडे झुकणारा. ठिपके अंगावर असतातच, पण लांब केसांत त्यांच्या कडा विरघळल्यासारख्या होतात. एकच छापील कापड एकदा ताणून धरा आणि एकदा लोकरीच्या शालीवर छापा, तसा फरक.

त्याचा केस एकरंगी नसतो. आतला थर मऊ, दाट लोकरीचा, ऊब धरणारा. वरचा थर लांब, राठ केसांचा, पाणी आणि वारा अडवणारा. या वरच्या केसांवर बुडापासून टोकापर्यंत फिक्या-गडद रंगाचे पट्टे असतात. केस वाढत असताना त्याच्या मुळाशी कधी काळं-तपकिरी रंगद्रव्य तयार होतं, कधी पिवळसर-तांबूस. पहिल्याला युमेलॅनिन म्हणतात, दुसऱ्याला फिओमेलॅनिन. कोणतं किती वेळ चालू ठेवायचं यावर केसाचा रंग ठरतो. लांबून आपल्याला 'करडा' किंवा 'तांबूस' असा जो एक रंग दिसतो, तो खरं तर लाखो पट्टेदार केसांची बेरीज असते. पट्ट्यांची लांबी किंवा प्रमाण थोडं बदललं की बेरीज बदलते.

कोट बदलायची वेळ झाली हे त्याला कळतं कसं? थंडी पडली म्हणून, असं आपल्याला वाटेल. पण सस्तन प्राण्यांत हा गजर मुख्यतः दिवसाच्या लांबीवर लावलेला असतो. डोळ्यांतून मेंदूला उजेडाची खबर जाते, रात्र लांबली की मेलाटोनिन जास्त वेळ स्रवतं, आणि त्या बदलातून पुढची संप्रेरकं हलतात. डेन्व्हरला डिसेंबरात दिवस जेमतेम सव्वानऊ-साडेनऊ तासांचा असतो आणि जूनमध्ये पंधरा तासांचा. आपल्या इंदुरात हाच फरक साधारण पावणेअकरा ते साडेतेरा तास एवढाच. तिकडे दिवसाची लांबी हे फार ठसठशीत घड्याळ आहे.

तापमानाऐवजी घड्याळ दिवसाच्या लांबीला बांधणं तसं शहाणपणाचं. ऑक्टोबरात चार दिवस ऊन पडलं म्हणून कोट घालायचा थांबलात, तर नोव्हेंबरात कुडकुडाल. पण याच शहाणपणाचा एक प्राणी आता तोटा सोसतो आहे. बॉबकॅटचं आवडतं खाद्य म्हणजे ससे, आणि त्यातला स्नोशू ससा हिवाळ्यात चक्क पांढरा होतो. त्याचंही घड्याळ दिवसाच्या लांबीवर चालतं. बर्फ उशिरा पडू लागला आणि लवकर वितळू लागला, तरी ससा ठरल्या वेळी पांढरा होतो आणि तपकिरी जमिनीवर दिव्यासारखा दिसतो. मोंटानामधल्या अभ्यासात अशा न जुळणाऱ्या सशांचे मृत्यू जास्त आढळले. बॉबकॅट पांढरा होत नाही, नुसता करडा होतो. पानं झडलेली झुडपं, खडक आणि अधूनमधून बर्फ, यांत करडा रंग बर्फ असला तरी खपतो, नसला तरी खपतो.

मुलखाचा कोट

ऋतूचं समजल्यावर मला वाटलं, संपलं प्रकरण. पण बॉबकॅट कॅनडाच्या दक्षिण भागापासून मेक्सिकोच्या ओआहाका राज्यापर्यंत पसरलेला आहे. त्यात बर्फाळ जंगलं आली, दलदली आल्या, वाळवंटं आली, आणि शहरांच्या कडेच्या वसाहतीही आल्या. एवढ्या मुलखात एकच रंग कसा पुरेल?

वायव्येला, वॉशिंग्टन आणि ओरेगनच्या किनारपट्टीवर, पावसाळी हवा आणि दाट, ओलं, अंधारं जंगल. तिथले बॉबकॅट गडद, भरगच्च तांबूस-तपकिरी. खाली ॲरिझोना, नेवाडाच्या कोरड्या मुलखात या, तर तेच जनावर फिकं, वाळूच्या रंगाकडे झुकणारं. पश्चिमेकडच्या बॉबकॅटच्या अंगावर ठिपके साधारणपणे ठळक, तर पूर्वेकडच्या बऱ्याच बॉबकॅटच्या पाठीवर ते पुसट, कधी शोधावे लागतील असे.

दमट मुलखात गडद आणि कोरड्या मुलखात फिकं, हा नमुना फक्त बॉबकॅटमध्ये नाही. जर्मन निसर्गअभ्यासक कॉन्स्टँटिन ग्लोगर यांनी १८३३ मध्ये पक्ष्यांच्या संदर्भात हवामान आणि रंग यांचा संबंध मांडला. पुढे या नमुन्याला 'ग्लोगरचा नियम' असं नाव पडलं. तो न्यूटनच्या नियमासारखा पक्का नाही, अपवाद भरपूर आहेत. कारणंही एकापेक्षा जास्त असावीत. सर्वांत सोपं कारण लपण्याचं. ओल्या जंगलात माती, खोडं, सावल्या सगळंच गडद असतं, तिथे फिका शिकारी लांबूनच उठून दिसेल.

या नियमाची आपल्याकडची खूण म्हणजे काळा बिबट्या. तो वेगळा प्राणी नाही, बिबट्याच आहे. काळे बिबटे दमट, दाट जंगलांत जास्त आढळतात आणि कोरड्या, उघड्या मुलखात कमी. म्हणूनच आपल्या ऐकण्यात येतात ते बहुतेक सह्याद्रीच्या आणि कर्नाटकातल्या जंगलांतले. बॉबकॅटमध्येही पूर्ण काळे नमुने नोंदले गेले आहेत, आणि त्यातले बरेचसे कुठले, तर फ्लोरिडातले. तिथली हवा म्हणजे बारमाही चिकचिक. पण नियम मोडायला निसर्ग तयारच असतो. काळा बॉबकॅट थेट कॅनडाच्या न्यू ब्रन्सविकमध्येही सापडला आहे, जिथे हिवाळ्यात सगळीकडे बर्फ असतं.

हे वाचताना मला पुण्याच्या लग्नातले नातेवाईक आठवले. "तुमची मराठी वेगळीच आहे हं," असं ते प्रेमाने म्हणतात, आणि आपण 'आता येऊन राहिलो आहे' म्हणून मोकळे होतो. ज्या मुलखात राहायचं त्या मुलखाचा थोडा रंग लागतोच. बॉबकॅटबाबत शास्त्रज्ञांनाही हा प्रश्न पडला होता की रंग निराळा, म्हणजे जनावर निराळं समजायचं का?

नावांचा पसारा

१७७७ मध्ये श्रेबर या जर्मन अभ्यासकाने या प्राण्याला शास्त्रीय नाव दिलं, त्यात 'रूफा' हा शब्द होता. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ तांबूस. म्हणजे नावच उन्हाळी कोटावरून पडल्यासारखं. बर्फातला करडा बांडोबा आधी बघितला असता, तर वेगळंच नाव पडलं असतं कदाचित.

पुढे १८०५-०६ च्या हिवाळ्यात लुईस आणि क्लार्क यांची प्रसिद्ध मोहीम पॅसिफिक किनाऱ्यावर, कोलंबिया नदीच्या मुखाजवळ मुक्कामाला होती. लुईसने रोजनिशीत तिथल्या एका 'वाघमांजरा'चं वर्णन करून ठेवलं. पाठ आणि बाजू लालसर-तपकिरी, त्यावर गडद ठिपके. तिथले मूळ रहिवासी या कातड्यांची पांघरुणं करत, आणि एका पांघरुणाला बहुधा चार कातडी लागत, हेही त्याने टिपून ठेवलं. याच वर्णनाच्या आधारे राफिनेस्क याने १८१७ मध्ये 'फॅसिएटस' हे नवं नाव दिलं. त्याचा अर्थ पट्टेवाला.

मग पसारा वाढतच गेला. वाळवंटातला फिका तो एक, फ्लोरिडाचा गडद तो दुसरा, मेक्सिकोचा तिसरा. रंग, ठिपके आणि कवटीची मापं यांवरून डझनभर उपप्रजाती कागदावर आल्या. माझ्या एक्सेल शीटमध्ये जे दोन ओळींत झालं, तेच मोठ्या प्रमाणावर.

जनुकांचा अभ्यास सुरू झाल्यावर चित्र बदललं. मोठा भेद एकाच पट्ट्यात सापडला, तो म्हणजे अमेरिकेच्या मध्यावरची विस्तीर्ण गवताळ मैदानं. २०१७ मध्ये मार्जारकुळाच्या तज्ज्ञ गटाने जगातल्या सगळ्या मांजरांच्या वर्गीकरणाचा फेरआढावा घेतला, तेव्हा बॉबकॅटच्या दोनच उपप्रजाती धरल्या. मैदानांच्या पूर्वेचे ते 'रूफस', पश्चिमेचे ते 'फॅसिएटस'. बाकी सगळी नावं बदलत्या रंगांची होती. रंग हळूहळू बदलत जातो. त्याच्या मधेच रेघ ओढली, तर ती रेघ आपली असते, जनावराची नसते.

रंगाची किंमत

इथपर्यंत हा विषय हौसेचा वाटेल. पण बॉबकॅटच्या बाबतीत रंगाला चक्क बाजारभाव आहे.

१९७५ मध्ये वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला लगाम घालणारा 'साइट्स' करार लागू झाला. ओसेलॉटसारख्या ठिपकेदार मांजरांची कातडी मिळणं अवघड होत गेलं, तेव्हा फर-बाजाराची नजर बॉबकॅटकडे वळली आणि त्याच्या कातड्याचा भाव चढला. १९७७ मध्ये बॉबकॅटही कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आला. म्हणजे व्यापाराला बंदी नाही, पण परवाना आणि देखरेख हवी.

या बाजारात सगळी कातडी सारखी नसतात. किंमत ठरते पोटावरून. पांढरंशुभ्र, रुंद पोट, त्यावर स्पष्ट काळे ठिपके, आणि बाजूचे केस फिके, दाट. असं कातडं मिळतं ते पश्चिमेकडच्या कोरड्या, थंड मुलखात, आणि तेही हिवाळी कोट पूर्ण भरलेला असताना. आग्नेयेच्या गरम, दमट भागातल्या बॉबकॅटच्या पातळ, गडद कातड्याला तेवढा भाव नाही. जो कोट त्याला थंडीपासून आणि नजरांपासून वाचवायला तयार झाला, तोच त्याच्या जिवावर उठला. त्याचा मुलूख आणि ऋतू म्हणजे त्याच्या अंगावरची किमतीची चिठ्ठी. कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये बॉबकॅटसाठी सापळे लावण्यावर बंदी आणली आणि २०२० पासून तिथे त्याच्या शिकारीलाही बंदी झाली. इतर अनेक राज्यांत परवाना काढून शिकार चालते.

रंगावर विसंबण्याचा दुसरा धोका खुद्द कोलोरॅडोतला. बॉबकॅटचा जवळचा भाऊ म्हणजे कॅनडा लिंक्स. तो हिवाळ्यात करडा-राखाडी, अंगावर ठिपके जवळजवळ नाहीत. कोलोरॅडोतून तो नाहीसा झाला होता. १९९९ ते २००६ या काळात कॅनडा आणि अलास्कातून २१८ लिंक्स आणून तिथल्या नैर्ऋत्य डोंगरांत सोडले गेले. २००० साली त्याला केंद्रीय कायद्याचं संरक्षण मिळालं. आता विचार करा. हिवाळ्यात करडा झालेला, ठिपके पुसट झालेला बॉबकॅट आणि लिंक्स, दोघेही बर्फात पन्नास पावलांवर उभे आहेत. एकाची शिकार कायदेशीर, दुसऱ्याची गुन्हा. रंग बघून ठरवणार?

म्हणून जाणकार न बदलणाऱ्या खुणा बघतात. शेपटीचं टोक बघा. बॉबकॅटचं टोक वरून काळं आणि खालून पांढरं, लिंक्सचं टोक सगळीकडून काळं, शाईत बुडवल्यासारखं. पाय बघा. लिंक्सचे पंजे बर्फावर चालायला पसरट, मोठे, आणि मागचे पाय जास्त लांब. कानांवरचे झुपके लिंक्सचे लांबलचक, बॉबकॅटचे छोटे. आणि एकाच जातीतला कोण कोण हे ओळखायचं असेल, तर ठिपक्यांची मांडणी आणि पायावरचे पट्टे. कॅमेऱ्यांनी बॉबकॅट मोजणारे अभ्यासक हेच करतात. त्यातही उजवी बाजू उजव्या बाजूशीच जुळवायची, कारण दोन्हीकडची नक्षी सारखी नसते. हे सगळं पुस्तकात शोधून काढायला मला आठवडा लागला. आईला चष्मा बदलायला लागला तेवढाच वेळ.

दुरुस्ती

त्या रात्री मी ग्रुपवर दुरुस्तीचा मेसेज लिहिला. सुरुवातीला 'एकच बॉबकॅट आहे' असं लिहिलं आणि खोडलं. तेही मला कुठे माहीत होतं? चौदा रात्रीच्या फोटोंत पायाची आतली बाजू दिसत नव्हती. शेवटी जे खरं तेवढंच लिहिलं. रंगावरून मी दोन म्हटलं ती माझी चूक, दोन्ही फोटोंतलं जनावर एकच आहे, आणि दुसरं असल्याचा माझ्याकडे काहीही पुरावा नाही. पायाच्या पट्ट्यांचे दोन्ही फोटो कापून शेजारी शेजारी जोडले.

पिंजऱ्याची चर्चा थांबली. पण सगळे खूश झाले असं नाही. कोंबड्यांवाल्या गृहस्थांनी लिहिलं, "एक असो की दोन, माझ्या तीन गेल्या त्या गेल्या." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पुढच्या शनिवारी मी त्यांच्याकडे गेलो. खुराड्याला चारी बाजूंनी जाळी होती, वरून काहीच नव्हतं. बॉबकॅटला कुंपण चढणं म्हणजे आपल्याला ओटा पुसण्याइतकं सोपं. दोघांनी मिळून वर जाळीचं छत ठोकलं. चार तास लागले, माझ्या अंगठ्यावर एकदा हातोडीही बसली. त्यानंतर आम्ही तिथे असेपर्यंत तरी कोंबडी गेली नाही.

मेमध्ये निघायच्या आठवड्यात बांडोबाचा शेवटचा फोटो आला. सकाळची वेळ, चांगला उजेड. अवतार बघण्यासारखा होता. पाठीवर करड्या केसांचे पुंजके लोंबत होते, खांद्यावर आणि पायांवर नवा तांबूस कोट उगवलेला. अर्धा जानेवारी, अर्धा ऑगस्ट. कन्या म्हणाली, "बाबा, आता याला शीटमध्ये कुठे टाकणार?"

शीटमधला रंगाचा रकाना मी आधीच काढून टाकला होता. तिला सांगितलं, पाय दिसतोय का बघ. तिने फोटो मोठा केला. उजव्या पायाचा वरचा पट्टा, मधे तुटलेला, खाली ठिपका. मग तिनेच फोन उचलून आजीला लावला.

परत आल्यापासून आमच्या गल्लीतल्या मांजरांकडेही मी जरा नीट बघतो. तुम्हीही बघा. तुमच्या कॉलनीत 'दोन सारख्या मांजरी' किंवा 'नवीन आलेला बोका' असेल, तर जूनमध्ये एक आणि डिसेंबरात एक फोटो काढा, शक्यतो एकाच बाजूने. काय दिसलं ते मला जरूर कळवा. संख्या सांगण्याआधी काठ तेवढा तपासा.

भेटू पुढच्या अंकात.